दस्ती टाकलेली जागा

गाडी घ्यावी की नाही यावर मी जितकी वर्षं घालवली, तेवढ्यात माणसं लग्न करून, घर बांधून, पोरं शाळेत घालून मोकळी होतात. ऑफिसातल्या लोकांनी आधी सुचवलं, मग आग्रह केला, शेवटी नाद सोडला. अमेरिकेच्या मधल्या, सपाट भागातलं ते शहर. तिथे गाडी नसलेला माणूस म्हणजे एक तर विद्यार्थी, नाही तर फार म्हातारा, नाही तर ज्याचं लायसन जप्त झालंय असा. मी विद्यार्थिनी नव्हते आणि म्हातारीही नव्हते. तेव्हा लोक मला काय समजत असतील ते मी फार मनावर घेतलं नाही.

खर्चाची अडचण नव्हती. भीतीही नव्हती, लायसन मी पहिल्याच वर्षी काढून ठेवलं होतं. अडचण अशी होती, की मी तिथे राहायला गेलेच नव्हते. थोडं काम करायचं, अनुभव घ्यायचा आणि परत यायचं, असं लातूरहून निघताना ठरलं होतं. म्हणून घरात मोठी वस्तू आणायची नाही हा माझा नियम. गादी जमिनीवर, टेबल घडीचं, भिंतीला एक खिळा नाही. वर्षं वाढत गेली, तरी खिळा नाहीच. गाडी घेतली की आपण इथलेच झालो, हे मी मनाशी असं घट्ट धरलं होतं की त्यावर कुणाशी वादसुद्धा घालत नसे.

शिवाय लातूरला अप्पांनी माझी खोली राखून ठेवली होती.

अप्पा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लातूरला घर बांधलं, आणि घर व्हायच्या आधीच आई गेली. त्यामुळे त्या घरात ते पहिल्या दिवसापासून एकटेच. गल्लीत सगळीकडे तीन-तीन मजले उठलेले, दारात क्लासच्या पोरींच्या चपलांचा ढीग, आणि मधेच आमचं एक बुटकं घर, वर पत्रे. शेजारी म्हणायचे, "गुरुजी, स्लॅब टाका की. वर चार खोल्या निघतील, क्लासवाले रांगा लावतील." अप्पा म्हणायचे, "मला डोक्यावर हलकं पाहिजे." ज्यांनी भूकंप पाहिला होता ते यावर पुढे बोलत नसत.

घराची समोरची खोली, रस्त्याकडे वेगळं दार असलेली, ती माझी. जून आला की आयाबाप पोरींना घेऊन गल्लोगल्ली खोली विचारत फिरत. आमच्या दाराला कुलूप बघून थांबत. अप्पा ओट्यावरूनच सांगत, "लेकीची हाय ती. येणार हाय ती." आणि आठवड्याच्या फोनवर मला सांगत, "खोली झाडून ठिवली बाई." मला त्या वाक्याचा फार आधार होता. इथे कुणी नाही तर नाही, तिथे आपली जागा आहे, असं म्हणून मी फोन ठेवायची आणि सोमवारी पुन्हा बस पकडायची.

बसचं मला लहानपणापासून वेड आहे, आणि त्याला कारण भूकंप. तेव्हा अप्पांची बदली निलंग्याकडच्या एका लहान गावात होती आणि मी त्यांच्याच शाळेत होते. पहाटे जमीन हलली. आमच्या घराची एक भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून आम्ही वाचलो. पलीकडच्या गावांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. नंतर कितीतरी दिवस जमीन मधूनमधून थरथरायची, वरून पाऊस, आणि छपराखाली झोपायला कुणी तयार नाही. गावात मुक्कामी एसटी यायची. संध्याकाळी येऊन लिंबाखाली उभी राहायची आणि सकाळी लातूरला जायची. ड्रायव्हर-कंडक्टर आत झोपायचे. त्या दोघांनी गाडी गावाला देऊन टाकली. बायका आणि लेकरं आत, ते दोघं टपावर ताडपत्री घेऊन. "वर पत्रा हाय, खाली चाकं हायती. हालली तर हालू द्या," असं कंडक्टर म्हणाला होता.

पण माणसं फार आणि सीटा मोजक्या. मग संध्याकाळी गाडी दिसली की गडीमाणसं पळायची आणि खिडकीतून सीटवर दस्ती टाकायची. हातरुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात. लातूरच्या स्टँडवर काय नि नांदेडच्या काय, ज्याची दस्ती आधी पडली त्याची सीट, यावर सहसा भांडण होत नाही. आम्हाला रांगेत उभं राहायला शिकवणारे माझे अप्पा धोतर सावरत गाडीमागे पळताना मी पाहिले आहेत. निळ्या काठाची त्यांची पांढरी दस्ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर पडायची, आणि मग आई आणि मी तिथे जाऊन बसायचो. अप्पा बाहेर पोतं अंथरून. त्या सीटवर बसल्या बसल्या मला जशी झोप लागली तशी पुढे कुठल्याच पलंगावर लागली नाही.

सकाळी गाडी निघायची, तेव्हा सगळ्यांना उतरावं लागे. एका सकाळी मी उतरलेच नाही. दस्ती सीटवर पसरली, वर हात ठेवला आणि रडायला लागले, की ही माझी जागा आहे. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा, बिचारा ओढेना. शेवटी अप्पा वर चढले. त्यांनी मला काखेत धरलं, दस्ती झटकून खिशात टाकली आणि म्हणाले, "गाडी उभी हाय तंवर दस्ती. सुटली की उचलायची. वाटंत हात करणारं माणूस कुठं बसंल मग?" गाडी गेली. मी तिच्या धुळीकडे बघत बसले. घरच निघून गेल्यासारखं वाटलं मला.

पुढे अकरावीला मी क्लाससाठी लातूरला आले, तेव्हा त्याच मार्गावरची गाडी रोज माझा डबा आणायची. आम्ही पोरी स्टँडवर उभ्या राहायचो. ड्रायव्हरच्या पाठीमागे गावोगावचे डबे ओळीने ठेवलेले असत, आणि निळ्या काठाच्या दस्तीत बांधलेला तो माझा. भाकरी वाळून कडक झालेली असायची. तरी गाठ सोडताना घरचा वास यायचा. नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेले, तेव्हा नांदेड-लातूर गाडीत खिडकीतून दस्ती टाकण्यात मी भल्याभल्या पोरांना मागे टाकलं. परदेशी निघाले तेव्हा बॅगेत लोणचं किती आणि मेतकूट किती यावर मावशीचं भाषण चाललं होतं, आणि मी अप्पांच्या कपाटातल्या चार दस्त्या गुपचूप आत सरकवल्या.

तर तिकडची बस. तासाला एक. बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, हे समजायला मला फार वेळ लागला नाही, पण ते अंगवळणी कधीच पडलं नाही. मी चढायची तेव्हा गाडी रिकामी असे. दोन-तीन थांब्यांनंतर एक म्हातारी चढायची, जांभळी टोपी, हातात कापडी पिशवी. तिच्या आधीच्या थांब्यावर कॉलेजची पोरं भस्सकन भरत. म्हातारी चढेपर्यंत कधी कधी एकही सीट उरत नसे, आणि ती दांडी धरून उभी राही. पोरं कानात बोंडं घालून बसलेली. मला ते बघवेना. एका सकाळी मी न ठरवताच दस्ती काढली आणि शेजारच्या सीटवर टाकली.

कुणी बसलं नाही. पोरं दस्तीकडे बघून पुढे गेली. म्हातारी चढली, मी मोठ्या आनंदाने तिला हात केला. ती आली. तिने ती दस्ती दोन बोटांत उचलली, डोलत डोलत ड्रायव्हरपर्यंत गेली आणि कुणाची तरी वस्तू राहिली आहे म्हणून त्याच्याकडे देऊन आली. ड्रायव्हरने ती हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकली. मग म्हातारी माझ्या शेजारी बसली आणि लोक किती वेंधळे असतात, अशा अर्थाचं काहीतरी हसून बोलली. मी पण हसले. करते काय?

ही गोष्ट मी अप्पांना सांगितली तेव्हा त्यांना हसून हसून ठसका लागला. "आगं, तिला काय म्हाईत दस्ती म्हंजी काय," म्हणाले. आणि लगेच, "मग दुसऱ्या दिवशी बसली का न्हाई?" त्यानंतर दर आठवड्याला ते म्हातारीची चौकशी करू लागले. आज गाडीत ती होती का, गुडघा दुखतोय म्हणत होती त्याचं काय झालं. ऑफिसात माझ्याशी बोलणारी माणसं होती, पण कामाचं. जिच्याबद्दल घरी सांगावं अशी ती एकच. मी तिला एकदा मोडकंतोडकं समजावलं, की तो रुमाल हरवलेला नव्हता, तुमच्यासाठी जागा धरली होती. ती म्हणाली, "पण मी येणारच हे तुला कसं कळलं?" पुढे मी रोज दस्ती टाकत गेले आणि ती रोज ती उचलून, घडी करून माझ्या हातात देत गेली.

त्या हिवाळ्यात ती यायची थांबली. एक आठवडा, दुसरा आठवडा. विचारणार कुणाला? नाव मला माहीत नव्हतं. ड्रायव्हरला विचारलं, तो नवा होता. मी आणखी बरेच दिवस दस्ती टाकत राहिले आणि तिच्या थांब्यावर दार उघडलं की मान उंच करून बघत राहिले. अप्पांना मात्र सांगितलं, की आहे, बरी आहे, गुडघाही बराय. त्यांच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

मग आमचं ऑफिस शहराबाहेर गेलं. बस जिथे संपायची तिथून पुढे चालत जावं लागे. पायवाट नाही, दोन्हीकडे बर्फ आणि शेजारून सुसाट जाणाऱ्या गाड्या. रोज कुणी ना कुणी काच खाली करून विचारायचं, ठीक आहे ना, मदत हवी का. चालणाऱ्या माणसावर काहीतरी संकटच कोसळलेलं असणार, अशी तिथल्या लोकांची समजूत. संध्याकाळी परतताना गुडघ्यापर्यंत कपडे ओले. घरी येऊन मी हीटरजवळ बसायची आणि वरण-भातावर तूप घालून एकटीच जेवायची. कधी कधी एवढं रडू यायचं, की कशाचं येतंय ते मलाच कळायचं नाही.

ऑफिसात एक हैदराबादचा सहकारी होता. मराठवाड्याचं माणूस आणि हैदराबादचं माणूस परदेशात भेटलं की चुलतभाऊ भेटल्यासारखंच. त्याने मला एकदा त्या रस्त्याने चालताना पाहिलं आणि गाडी थांबवून म्हणाला, "क्या मॅडम, कब तक बसां के पीछे भागते? मेरी गाडी लेलो. मैं तो जारूं ना अब." तो कायमचा हैदराबादला परत चालला होता. बायको-पोरं आधीच गेली होती. म्हणजे ज्याने आल्या आल्या गाडी घेतली, सोफा घेतला, भिंतीवर फोटो लावले, तो परत निघाला होता, आणि एक खिळा न ठोकलेली मी तिथेच होते. हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचाच राग आला. तरी मी म्हणाले, विचार करून सांगते.

विचार म्हणजे काय, तर अप्पांना विचारायचं. खरं तर मला त्यांच्या तोंडून नाही ऐकायचं होतं. कशाला घेतीस, आता येणारच हाईस ना, एवढं त्यांनी म्हणावं आणि मी बॅग भरावी. माझ्या हातून ते होत नव्हतं, म्हणून ते त्यांनी करावं.

आठवड्याचा व्हिडिओ कॉल केला तेव्हा लातूरला सकाळ होती. अप्पा ओट्यावर बसले होते, मागे समोरच्या खोलीचं दार. ते उघडं होतं. मी गाडीचं बोलायला लागले, तेवढ्यात त्या दारातून एक मुलगी ओले केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आजोबा, मोटार बंद करू का? टाकी भरली."

"कोण आहे अप्पा?"

अप्पा चपापले. मोबाइल जरा दुसरीकडे वळवला, मग परत आणला. "मुखेडकडची हाय. क्लासला आलीय. हिची आई उन्हात गल्ल्या धुंडून धुंडून दारात येऊन बसली. मला न्हाई म्हनवलं न्हाई बाई."

"माझी खोली दिली?"

"जूनमधीच दिली."

म्हणजे खोली झाडून ठेवली हे मी इतके महिने ऐकत होते ते काय होतं? झाडत तर होती ती मुलगी. मी भांडले. मोठ्याने भांडले. मला एका शब्दाने विचारायचं तरी, माझी पुस्तकं कुठे टाकली, माझा पलंग, आणि मी आले तर उतरू कुठे? पलीकडे ती मुलगी संकोचून आत गेली, तेही मला दिसलं, तरी माझं तोंड थांबेना. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ते वर्गात पोरांचं ऐकून घेत तसं, मान थोडी खाली करून.

मग म्हणाले, "रोज तिच्या गावाहून डबा येतो. मीच जातो स्टँडवर आनायला. परवा डबा घेऊन येताना मला वाटलं, आता हे काय करायलोय मी? घरात एक पोरगी हाय, आन् मी तुला खोटं सांगायलोय." त्यांनी मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं. "गाडी सुटून लई वर्सं झाली, बाई. मीच दस्ती उचलत न्हवतो."

मी हीटरजवळ सरकून बसले.

"तू घे गाडी," ते म्हणाले. "बर्फात चालत जाऊ नको. आन् ती म्हातारी चढत न्हाई आता, हाव ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिचा गुडघा एकदम बरा झाला, तवाच कळलं."

मी गाडी घेतली. हैदराबादवाल्याने किल्ली हातात दिली, काचेसमोर लटकवलेली छोटी तसबीर काढून खिशात ठेवली, आणि "संभाल के चलाओ" म्हणून गेला. पुढच्या आठवड्यात तो देश सोडून गेला. पहिल्या दिवशी ऑफिसला जाताना मी मुद्दाम जुन्या रस्त्याने गेले. जांभळ्या टोपीच्या थांब्यापाशी वेग कमी केला. थांबा रिकामा होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला. त्या दिवशी मी घरापासून ऑफिसपर्यंत आणि ऑफिसपासून घरापर्यंत एका माणसाशी एक शब्द बोलले नाही, कुणी काच खाली करून ठीक आहे ना, असंसुद्धा विचारलं नाही. कोरड्या कपड्यांनी घरी आले. मग हातोडी शोधली, ती नव्हती म्हणून वरवंट्याने भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्याला किल्ली अडकवली.

सुट्टीच्या दिवशी अप्पांना गाडी दाखवायला मी खाली जाऊन आत बसले आणि फोन लावला. त्यांना सगळं बघायचं होतं. स्टेअरिंग इकडून कसं, मागं किती माणसं बसतात, हीटर कुठून येतो. त्या मुखेडच्या मुलीलाही त्यांनी बोलावलं, ती लाजत म्हणाली, "छान हाय, ताई." मी तिला अभ्यासाचं विचारलं आणि पलंगाखाली माझी फिजिक्सची पुस्तकं आहेत, हवी तर घे, असं सांगितलं. ती आत गेली. मी मोबाइल फिरवत शेजारच्या सीटवर नेला, तसे अप्पा म्हणाले, "थांब थांब. ती काय हाय?"

सीटवर निळ्या काठाची दस्ती होती. मी सकाळीच टाकली होती.

अप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "मी काय येत न्हाई, बाई, तिकडं. एवढ्या लांब न्हाई जमायचं आता मला. उचल ती."

"गाडी अजून उभीच हाय, अप्पा," मी म्हणाले.

किल्ली माझ्या मांडीवरच होती. मी गाडी सुरू केली नाही.